बेचाळीस सेकंद

रात्री दीडला गुरुदासचा व्हिडिओ आला.
बेचाळीस सेकंद.
इंग्लंडमधली कुठलीशी नदी, आपल्या पोयीएवढी रुंद,
आणि तो रबरी विजारीत, कमरेपर्यंत पाण्यात.
मागून कुणीतरी इंग्रजीत हसतंय.

काठी मागे जाते, दोरी हवेत लांब वळण घेते,
क्षणभर थांबते,
मग पुढे येऊन पाण्यावर टेकते.
गळाला आमिष नाही. नुसती माशी,
तीही खोटी, पिसाची.
मासा लागतो. तो ओल्या हातांनी धरतो,
कॅमेऱ्याला दाखवतो
आणि सोडून देतो.

पप्पा असते तर फोन हिसकावून म्हणाले असते,
“सोडलो? कित्याक सोडलो?”

कुंभारजुव्याच्या बांधावर, मानशीच्या तोंडाशी
आम्ही तिघं बसायचो, सुकती लागायची वाट बघत.
(मानस म्हटलं की शहरातल्या लोकांना वाटतं, मनाचं काही सांगतोय.
लाकडी दार असतं ते, बांधातलं.)
पप्पा फेरीबोटीवर. दिवसभर तेच पाणी
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि सुटी झाली की पुन्हा पाण्यापाशीच.
अंगाला डिझेलचा वास,
आगपेटीत लाल दोऱ्याने बांधलेली पिसं,
शेजारच्या मिंगेलच्या कोंबड्याची.
पिसं उपटायचं काम गुरुदासचं.
चोच माझ्या वाट्याला.

“चोणकाला भूक नसते,” पप्पा सांगायचे, “राग असतो.
त्याच्या नाकासमोरून काहीतरी ऐटीत गेलं पाहिजे.
मनगट. खांदा नाही रे, मनगट.”
माझा खांदा कधी ऐकलाच नाही.
गुरुदासचं मनगट जन्माआधीच शिकून आलेलं.
मला ते आवडायचं नाही.
मला ते बघतच राहावंसं वाटायचं.

पलीकडे चिखलात मगर
तोंड उघडं टाकून पडलेली.

एका चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात त्याने सात किलोंचा चोणक काढला.
सायकलच्या दांड्याला बांधून आणला, शेपटी रस्त्याला घासत.
डोकं कुणाच्या ताटात, यावरून आम्ही भांडलो.
एका परीने अजून भांडतोच आहोत.

मग त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला.
आजोबांचा जन्मदाखला मीच शोधला होता,
पणजीच्या दफ्तरखान्यात, दोन दिवस रांगेत उभा राहून.
पप्पा गेले तेव्हा विमानं बंद होती.
हे मला माहीत होतं.
तरी म्हणालो, यायचं असतं तर आला असतास.
वाक्य गळासारखं गेलं,
शिरताना सोपं,
मागे ओढायला जावं तर मांसासकट.

आज रात्री सातव्यांदा बघतोय.
आता नदी बघत नाही, मासा नाही, त्याचे पिकलेले केसही नाहीत.
एकविसाव्या सेकंदाला दोरी मागे ताणून थांबते,
तिथे बोट ठेवून चित्र अडवतो.
तिथे पप्पा आहेत.

सकाळी बांधावर गेलो.
मानशीची एक फळी कुजली आहे, बाकी तशीच.
तिला कुणी उघडत नाही.
भरतीचं पाणी दार लोटून घेतं,
सुकतीला आतलं पाणीच ते उघडतं.
फोन दगडाला टेकवून ठेवला,
आगपेटीतलं शेवटचं पीस बांधलं,
आणि टाकलं.
गेलं थेट खारफुटीत. अडकलं.
ओढताना मी एक शिवी दिली, तीही त्यात आली आहे.
सतरा सेकंद.
पाठवलं. खाली काही लिहिलं नाही.

तिकडे गोदामात त्याची रात्रपाळी चालू असणार.
दोन निळ्या खुणा.
लिहितोय.
थांबला.
पुन्हा लिहितोय, बराच वेळ,
एवढ्या वेळात फेरीबोट दिवाडीहून परत आली असती.

मग एकच शब्द आला:
मनगट.