राखण

इतवारीतल्या बियाणेवाल्यानं विचारलं,
मॅडम, लाखोळी कोणाच्या शेतासाठी?
म्हटलं, जंगलातल्या.
मालक कोण?
म्हटलं, चितळ.
तो हसला नाही. पंधरा किलो तोलले, वर मूठभर सोडली,
आणि पावतीवर लिहिलं : श्री. चितळ, मु. देवलापार.
ती पावती मी अजून फायलीला लावलेली नाही.

ट्रॅक्टर नाल्याच्या अलीकडेच थांबतो.
साहेब म्हणाले, असेल त्यात भागवा, गजबे.
असेल ते असं :
दोन पावडी, एक दताळं, तीन विळे,
झिंगर भलावींनी घरून आणलेला वखर,
ज्याची पास माझ्या वयाहून जुनी,
आणि त्यांच्या साडूची बैलजोडी.
डावा बैल वाऱ्यात काहीतरी हुंगतो, थबकतो,
मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही.
आम्हीही मग थोडा वेळ गप्प उभे राहतो.

आधी घाणेरी.
मी वरून छाटत सुटले तर झिंगरभाऊ म्हणाले,
"मुळाले हात घाला, बाई. फांदीशी भांडून काय होते?"
चार दिवस मुळांशी भांडलो.
हातमोजे पहिल्याच दुपारी फाटले,
फुलवंतानं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी
माझ्या तळव्याला बांधली, न विचारता,
जशी गाठोड्याला बांधतात.

नांगरट नाही. फक्त खरवडायचं.
आश्विन अर्धा सरला होता
आणि ओल बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत होती.
बोट खुपसून त्यांनी सांगितलं, आज. उद्या नाही.
अहवालासाठी मी फोटो काढला.
फोटोत ओल आली नाही, नुसतं बोट आलं.

लाखोळी मधे. कडेनं मारवेल,
तिचं बी इतकं हलकं की बोलण्यानं उडतं,
म्हणून शेणमातीत कालवून, तोंड मिटून पेरलं.
झिंगरभाऊंची मूठ मधे सैल सुटायची,
कडेला आली की आखडायची.
मी विचारलं, का?
ते थांबले. मुठीकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचीच आहे.
"धुऱ्यावरचं तेच खात जी. तिथं कायले जास्त टाकाचं?"
इथं धुराच नव्हता.
परत गेले, आणि कडेचा सगळा पट्टा दुसऱ्यांदा पेरला.

वरून बाभळीची फांदी ओढली, तिच्यावर दगड.
दगड कमी पडला तेव्हा वर्दीसकट मी बसले.
फुलवंता इतकी हसली की बैल चालायचे थांबले.

सव्वीस हिवाळे झिंगरभाऊ माळ्यावर झोपलेत,
म्हणजे झोपले नाहीत.
हातात डालड्याचा डबा, काठी,
अंधारात कुरकुर ऐकू आली की डबा.
बायको म्हणायची, माझ्यापेक्षा चितळांचीच चाहूल यांना जास्त.
हे त्यांनी नाही, फुलवंतानं सांगितलं.

तेविसाव्या दिवशी लाखोळी वीतभर झाली.
दिवस मावळता मावळता कुरणाच्या टोकाला
आधी एक कान, मग एक गळा,
मग ठिपकेच ठिपके, पाय नसलेले.
आणि माझ्या शेजारून आवाज फुटला :
हाऽऽऽ हुर्रऽऽऽ!
क्षणात कुरण रिकामं.
झिंगरभाऊंनी तोंडावर हात ठेवला होता,
डोळे माझ्याकडे, शाळेत चूक झालेल्या पोरासारखे.
"सवय हाय जी."

दुसऱ्या दिवशी ते कुरणाकडे पाठ करून बसले,
टॉवेल दातात धरून.
मागं ती आली असावीत,
कारण त्यांची मान हळूहळू ताठ झाली.
तोच आवाज. दातांखाली कोवळं खुडल्याचा.
काठी शोधत हात जमिनीवर फिरला,
गवताची एक काडी उचलून थांबला.

बऱ्याच वेळानं, टॉवेल काढून, अगदी हळू :
"किती हायेत?"
मी दोनदा मोजली. सतरा.

"माह्या वावरात चाळीस येत," ते म्हणाले.