एंगेज

सोमवारी दुपारी तांब्याची तार उतरली.
चिपळूणचा प्रणीत शिडीवर, मी खाली शिडी धरून.
भिंतीवर पांढरी डबी, तिला चार दिवे, चारही हिरवे.
"बाई, आता आवाज काचेतून येणार," तो म्हणाला,
आणि जुन्या तारेचं वेटोळं भंगारात देणार का
म्हणून विचारून गेला.
मी ते टेबलाखाली सरकवलं.

मंगळवारी फोन वाजला नाही.
बुधवारीही नाही.
खरं सांगू, बरं वाटलं.
हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत बावीस वर्षं
मी बर्फाचा भाव सांगते आहे,
डिझेल आलं, नाही आलं, येईल.
मान आणि खांदा यांच्यामध्ये कायम रिसीव्हर.
दोन दिवस मान सरळ होती.
मी टाचण्यासुद्धा निवडल्या, गंजक्या वेगळ्या.

गुरुवारी बुरोंडीहून जरीना होडेकर
टमटम करून स्वतः आली. उंबऱ्यातूनच:
"तीन दिस एंगेज! कोनाशी बोलत व्हतीस गो येवढा?
माजी बोट बर्फाबिगर उभी."
मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला.
डायल टोन होता, स्वच्छ, धुतल्यासारखा.
इथून तिचा मोबाइल लावला, वाजला.
तिथून तिने आमचा लावला,
आणि आम्ही दोघी त्या यंत्राकडे
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यागत बघत राहिलो.
टूं टूं टूं.

कंपनी म्हणाली, डबी बंद करा, दहा मोजा, चालू करा.
केली.
वायर काढा, फुंकर मारा, परत खोचा.
मारली, खोचली.
दुसरं यंत्र जोडून बघा.
बर्फ फॅक्टरीतून उसनं आणलं, तेही मुकं.
"मॅडम, आमच्याकडून लाइन ओके आहे."
मग दापोलीच्या एक्स्चेंजला दाजी खोतांना गाठलं,
निवृत्तीला चार महिने उरलेले.
"आमच्याकडनंही ओके. तुमचा जुना नंबर
तीन महिने नव्यावर वळवलाय. कॉल आला की ढकलतो."
मग जरा थांबून,
"नवा कुठं ढकलतो ते बघा."

डिझेलच्या पावतीमागे मी दोन गोल काढले.
जुन्याकडून नव्याकडे बाण.
मग प्रणीतने भरून घेतलेल्या अर्जाची प्रत शोधली.
कॉल वळवण्यासाठी पर्यायी क्रमांक:
तिथे माझ्या अक्षरात जुना नंबर.
पुढे 'सर्व कॉल', त्यावर माझीच टिक.
दुसरा बाण काढला आणि पेन तिथंच टेकलं.
तीन दिवस सगळं बंदर
या दोन गोलांमध्ये येरझाऱ्या घालत होतं,
आणि मी टाचण्या निवडत होते.

जरीनाने विचारलं नाही, मीच सांगितलं.
रकाना रिकामा ठेवू नका म्हणाला तो पोरगा,
आणि मला पाठ असलेला तो एकच नंबर.
मुलाचा पाठ नाही.
नवऱ्याचा आहे, पण तो आता
दुसऱ्या कुणाला दिलाय. एकदा लावून बघितलाय मी.

प्रणीतने चिपळुणात बसून काहीतरी पुसलं.
पाच मिनिटं म्हणाला, सव्वा तास गेला.
वाजला तेव्हा आम्हाला कळलंच नाही,
नवी घंटा पाखरासारखी, वाटलं बाहेर काहीतरी.
"उचल गो!"
पाजपंढरीचे भालचंद्र चोगले: "बाई, लादी कितीला?"
भाव बुधवारीच वीस रुपयांनी चढला होता.
त्यावरून ते भांडले, पोटभर,
मी मान खांद्यावर टाकून ऐकून घेतलं.

संध्याकाळी लाइट गेली, तसे चारही दिवे गेले.
जुना अंधारातही वाजायचा,
हे कुठल्या अर्जात विचारलंच नव्हतं.

बावन्न बोटींच्या केबिनवर अजून जुना नंबर आहे.
पेंटर म्हणतो, मे महिन्यात, बोटी वर ओढल्या की.
आता डिसेंबर. वळवणं मार्चपर्यंत.
मधल्या दिवसांचं काय, ते चेअरमननी
सभेत घेतलंय, विषय क्रमांक अकरा,
चहापानानंतर.