हंगाम नसताना

टव्हेटच्या कपाटावरची नावाची पट्टी मी नखानं सोलली.
एकोणीस हंगामांचा डिंक, सहजी सुटेना.
फोन म्हणे साडेतीन मिनिटांचा होता:
"संघाला नव्या दिशेनं जायचंय, ऑर्विल."
दिशा कुठली, ते कुणी सांगितलं नाही.
डुलुथमध्ये नोव्हेंबरात एकच दिशा असते,
सरोवराकडून येणारा वारा.

नवा पिचिंग कोच एकोणतीस वर्षांचा.
चेंडू किती फिरला ते त्याला मनगट न बघता कळतं,
लॅपटॉप उघडला की झालं.
माणूस वाईट नाही.
माझं नाव विचारलं, दोनदा.

वरच्या खोलीत पांढऱ्या फळ्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या.
शॉर्टस्टॉप सरकून दुसऱ्या बेसवर,
कॅचर दोन, पैकी एकाचा गुडघा कापलेला,
तिसऱ्या बेसपुढं नुसतं प्रश्नचिन्ह.
झाडताना फ्रिजमागं एक पट्टी सापडली: उर्बाएझ.
पडलेली, की काढलेली?
विचारायला वर कोणी नव्हतं.
मी ती फळ्याच्या लाकडी कडेवर ठेवून दिली,
संघात नाही, बाहेरही नाही.

संध्याकाळी टव्हेट खोकं न्यायला आला.
सूर्यफुलाच्या बियांची अर्धी पिशवी माझ्या हातात कोंबली.
मग ताडपत्रीचा कोपरा उचलून
गोठलेल्या माउंडवर उभा राहिला,
बुटाच्या टाचेनं तो खड्डा चाचपत
जिथं सगळ्यांचाच पाय उतरतो.

"त्या डावखुऱ्या पोराला सांग," म्हणाला,
"खांदा फार लवकर उघडतोय."

कुठल्या पोराला,
ते विचारायचं राहिलंच.