डावीकडून

धनकवडीत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन.
या महिन्यातली माझी नववी फीत.
डेस्कवरचे पाटणकर म्हणतात,
सगळ्यांचे चेहरे दिसू देत, कला घरी कर.

काल मार्केट यार्डात उशीर झाला.
हमालाच्या पाठीवरून पोतं उतरलं
तेव्हा मी अजून शटरस्पीडच बघत होतो.
रात्री वहीत लिहिलं:
आकडे आधी लाव, मग चप्पल घाल.

आज आकडे लावलेत.
गुडघे टेकलेत ओल्या मुरमावर.
फीत, कात्री, हसू, हसू, हसू,
आणि कडेला ताट धरलेली मुलगी,
सातवी-आठवीतली,
भाषण संपेस्तोवर न हललेली,
अंगठ्यांची नखं पांढरीफटक.

मिळाली.

सकाळी अमृततुल्यात पेपर उघडला.
पान पाच, दोन कॉलम.
नावं डावीकडून बरोबर.
मुलगी कापलीय.
ताटाची कड तेवढी राहिली
आणि कुणाचा तरी अंगठा.

चहावर साय धरली.
मग वहीत: चूक माझी.
मी जिथे उभा होतो
तिथून ती कडेलाच होती.

उद्या वानवडीत बॅडमिंटनची बक्षिसं.
ताट कुणीतरी धरणारच.
एक पाऊल डावीकडे, आणखी थोडं पुढे,
इतकं, की त्या पोराला कापायला गेले
तर पाहुण्यांचं नाक जाईल.