बाराला पाच कमी

आमच्या डोंगरातल्या गावात, पोर्तुगालच्या मधोमध,
अग्निशमन केंद्राचा भोंगा रोज दुपारी बाराला वाजतो.
आग नसली तरी.
चालतो की नाही, एवढंच बघायला.

त्या वेळी बेल्मीरू टेबलाखाली असतो
हे मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते सगळ्या गावाला होतं तेवढंच:
दोन्ही बाजूंना निलगिरी, मधे रस्ता,
टँकर तो चालवत होता,
आणि त्यानं टँकर मागे घेतला.
कोण मागे राहिलं, ते कुणी बोलत नाही.

मी एकदा बोलले.
"संपलं रे ते. विसर आता."
त्यानं कप खाली ठेवला, हळूच,
आणि अकरा दिवस दार उघडलं नाही.

मग एका दुपारी रजिस्टर्ड पत्र घेऊन गेले,
तेवढ्यात भोंगा झाला.
टेबलाखाली तो, गुडघे छातीशी,
हातातली कॉफी एक थेंब न सांडता.
मीही खाली बसले. फरशी गार होती.
टेबलाच्या पोटाला त्याच्या मुलीनं लहानपणी
पेन्सिलीनं काढलेली बोट होती.
काय बोलावं सुचेना,
म्हणून तोंडपाठ होतं ते म्हणाले:
वीस ग्रॅमपर्यंत इतके, पन्नासपर्यंत इतके,
स्पेनला इतके, ब्राझीलला इतके…
अंगोलापर्यंत पोचले तेव्हा भोंगा थांबला होता.

तेव्हापासून बाराला पाच कमी असताना
मी पोस्टाची खिडकी लावते नि फोन करते.
"आता वाजेल. फक्त बारा वाजतायत."
आणि तिकिटांचे दर.
रांग आधी कुरकुरली. आता देओलिंदाबाई
काठी आपटून मलाच आठवण करतात.

जूनमध्ये मात्र माझं काही चालत नाही.
दारोदार शेगड्या, सार्डिन, धूर.
मी त्याला बसनं समुद्राकडे नेलं;
तिथंही तेच भाजत होते.
स्टॉपवर तो ओकला, मी जाकीट धरून उभी.
परतीची बस दीड तासानं होती.

परवा कोइंब्राहून साहेब आले, हिशेब तपासायला.
सुटका झाली तेव्हा बारा वाजून सात.
फोन लावला, धाप लागलेली.

"मीच म्हटले दर," बेल्मीरू म्हणाला.
"ब्राझीलपाशी अडकलो. पुढं काय?"

"अंगोला."

"हं."

"टेबलाखालीच आहेस?"

"हो."
मग बऱ्याच वेळानं,
"गार आहे इथं."