छर्रा

अमळनेरला, स्टँडच्या मागे, भिकन मिस्तरीच्या दुकानात
आपण शिरण्याआधी वास आपल्यात शिरतो:
करपलेलं वार्निश, थोडी जळकी साखर, थोडे केस.

मी अकरा वर्षांची.
आई बाहेर टेम्पोवाल्याशी भाडं तोडतेय.
मला सांगितलंय, मोटारीपाशी बस,
तार खरंच बदलतो का, बघ.

म्हणून मी बघते.

जुनी तार छिन्नीनं तोडण्याआधी तो वहीत लिहून घेतो:
छत्तीस खाचा, एका वेटोळ्यात बेचाळीस वेढे.
मग लाकडी साच्यावर नवी तार,
नुकत्या घासलेल्या भांड्यासारखी लाल,
आणि त्याचे ओठ हलतात, जप करणाऱ्याचे हलतात तसे,
फक्त आत आकडे.
एकतिसाव्या वेढ्याला कुणीतरी विचारतं, मिस्तरी, चहा?
तो सगळं उलगडतो. पुन्हा एकपासून.

खाचेत कागद, कागदात तार,
वरून बांबूच्या कामट्या ठोकून बंद.
संध्याकाळी वार्निश पाजतो
आणि मोटारीच्या पोटात दोनशेचा बल्ब ठेवतो रात्रभर,
कोंबडीच्या पिलांना ऊब द्यावी तसा.

दुसऱ्या दिवशी गाभा अजून बाहेरच पडलेला.
रिकाम्या पोटात त्यानं एक छर्रा टाकला,
जुन्या बेअरिंगचा, गोटीएवढा,
जपून थोडासाच करंट सोडला
आणि बोटानं टिचकी दिली.

छर्रा पळायला लागला.
गोल, भिंतीला धरून,
जत्रेतल्या मौत का कुआँमधल्या फटफटीसारखा.
ना दोरी, ना पट्टा, ना वारा.

"हात कोनी नई लावना," मी म्हटलं. "मंग फिरस कसा?"

त्यानं कानामागची बिडी काढली, पाहिली, परत ठेवली.
"तुमी पाटनं पानी लेतस ना? पाळीनं?"
"लेतस."
"तश्याच ह्या तीन फेज.
हिनी पाळी, मंग तिनी, मंग तिसरीनी.
जिनी पाळी, ती वढस."
छर्रा बिचारा एकीच्या दारात पोचतो न पोचतो
तोच दुसरी हाक मारते.
आणि एक फेज गेली, तर दोघींवर भार.
तापतात, करपतात.
"तुमनी मोटार आशीच जळनी."

पण ओढतं काय?
तांब्याला तर चुंबक चिकटत नाही.
(मी लावून पाहिलं होतं. फुटक्या स्पीकरचं चुंबक होतं माझ्याकडे,
खिळ्यांना लावलं, पितळी डब्याला, तांब्याच्या तांब्याला,
बोरीच्या वाळूला.
वाळूतले काळे कण चिकटले, दाढीसारखे.
तांब्या नाही.)

तो गप्प. छर्रा फिरतोय.
"ते माले बी नई माहीत."
तीस वर्षं मोटारी भरणारा माणूस
किती सहज म्हणाला,
सुटे नाहीत म्हणावं तसं.
"पुस्तकमा व्हई. वाचीसन माले बी सांगजो."

सांगितलं. दोन वर्षांनी,
दहावीचं पुस्तक मागून आणून,
उजव्या हाताची बोटं वाकवून, अंगठा ताठ करून:
करंट असा जातो, तेव्हा त्याच्याभोवती हे असं उमटतं.
त्यानंही बोटं वाकवली, काळी, वार्निशनं कडक झालेली,
अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला.
"हां. पन तारले हाई कोनी सांगं?"

त्या प्रश्नापाशी मी अजून बसलेली आहे.

रात्री दीडला थ्री फेज येते,
सगळं शिवार एकदम गुणगुणायला लागतं,
कुत्री भुंकतात, विहिरींच्या पोटातून पाणी वर चढतं.
मी अंथरुणात ऐकते, पाळी, पाळी, पाळी,
सेकंदाला पन्नास फेरे,
एकही न चुकता. चुकली तर सकाळी भिकन मिस्तरीकडे.

निघताना त्यानं छर्रा मला देऊन टाकला होता.
परवा ओट्यावर ठेवला, तर आपला आपण मोरीकडे घरंगळत गेला.
गवंड्यानं उतार मुद्दाम दिलाय की हात चुकलाय, कोण जाणे.
मुलगा म्हणाला, आई, याला कोण ओढतंय?

माझा हात कानामागे गेला.
बिडी नव्हती.