किती दबायचं

चन्नवीर म्हणतो, एकशे साठचं घे.
त्यानं मोबाइलवर पाहिलंय,
बर्फाच्या देशातली पोरं कड्यावरून सायकलसकट उडी टाकतात,
खाली टेकताना पुढचा चिमटा वीतभर आत जातो
आणि ती हसत हसत पुढं निघतात.
कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, म्हणतो चन्नवीर.
लग्नाच्या पंगतीचा हिशोब.

मिलिमीटर मला कळतात.
अकरा वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलच्या लूपची उंची मोजतेय.
पाचाच्या जागी साडेचार निघाला
तर अख्खा लॉट बाजूला.
पण एकशे साठ मिलिमीटर धक्का
म्हणजे नक्की किती,
हे कुठल्या पट्टीवर बघायचं?

त्याच्या मित्राची एकशे साठची चालवून पाहिली एकदा.
पायडल मारलं की ती आधी मान डोलावते,
मग विचार करते,
मग निघते.
बाळ्याच्या पुलाचा चढ येईस्तोवर
पायातलं अर्धं बळ चिमट्यानंच खाल्लं.

नरसय्या चिप्पा दुकानाच्या पायरीवर उकिडवे,
मांडीवर चेन, बोटं काळी.
"कुठं चालवनार अक्का?"
हिप्परग्याच्या तळ्यामागं. मुरमाची वाट,
दोन कोरडे ओढे, जुन्या खाणीचा उतार.
"मग डोंगर कुठाय?"
डोंगर नाही.
"तेच म्हनलालो की."

त्यांनी एकशे वीसची एक जुनी सायकल काढली.
चिमट्याच्या चकचकीत नळीवर रबराची काळी रिंग,
बांगडीएवढीही नाही,
ती बोटानं तळाशी सरकवली.
"जाऊन ये. ही वर जिथं थांबंल
तिथवर तुझी गरज.
त्याच्या वरचं सगळं चन्नवीरचं."

नुसती बसले, तेव्हा पंचवीस.
वजनानंच एवढं.
रस्ता सुरू व्हायच्या आधीच आपण थोडे दबलेले असतो,
आणि ते तसंच हवं म्हणे,
नाहीतर खड्ड्यात चाक जमीन सोडतं.
पहिल्या ओढ्यात बावन्न.
खाणीच्या उतारावर डोळे मिटले होते,
तिथं एकाहत्तर.
मी दोनदा मोजलं. स्टीलच्या पट्टीनं, कारखान्याच्या सवयीनं.
स्वतःविषयी मी जरा जास्तच
खोल समजूत करून घेतली होती.

परतताना मात्र
नळाला पाणी आज की उद्या, या नादात
अशोक चौकाच्या अलीकडं,
ना पांढरा पट्टा, ना पाटी,
कुणीतरी रातोरात घातलेला गतिरोधक.
ठण्णकन् आवाज. रिंग पार टोकाला.
एकशे वीस.

बघा, म्हटलं, शंभर पुरणार नाही.
चिप्पांनी रिंग पाहिली, मला पाहिलं.
"त्याला चिमटा नको अक्का.
त्याला ब्रेक लागतंय."

लूमवर दोन ताणे असतात.
एक तट्ट, त्यावर कापड उभं राहतं.
दुसरा सैल सोडलेला, त्याचे लूप होतात,
आणि टॉवेल पाणी टिपतो तो या सैलपणानं.
नवीन पोरी विचारतात, मऊ हवाय तर
दोन्ही सैल का नाही सोडत?
मी त्यांना एकदा सोडून दाखवते.
मग सगळ्या मिळून गुंता कापत बसतो
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

शंभरचं घेतलं.
वाचलेल्या पैशात ट्यूबमध्ये ओतायचं हिरवं औषध,
कारण इकडं माणूस कड्यावरून पडत नाही,
बाभळीच्या काट्यावर बसतो.
चन्नवीर दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, एक फेरी दे.

रिंग मी काढली नाही.
रविवारी अंगणात सायकल टेकवते
आणि घाम पुसायच्या आधी पट्टी लावते.
चौसष्ट. सत्तर. एकदा अठ्ठावन्न,
तेव्हा हात भरून आले होते आणि मी घाबरत होते.

आज त्र्याऐंशी.
वाट तीच. ओढे तेच.
कुठला दगड होता, आठवून पाहिलं.
हाताला काहीच कळलं नव्हतं.